पुढच्या हंगामात काय खपेल? बेळगावकडच्या छोट्या दुकानदारांसाठी व्यापारी प्रदर्शन बघायची रीत

बारा डझन गोंड्यांची कानातली. रेशमी दोऱ्याचे गोंडे, वर पुठ्ठ्याला कापड चिकटवून केलेला टॉप. मुंबईतल्या एका व्यापारी प्रदर्शनात शिरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मी ती बुक केली, कारण स्टॉलवाला म्हणाला, "मॅडम, सगळीकडं हेच चाललंय." चालत होतंही. पण माल बेळगावच्या शहापुरात, माझ्या दुकानात, पोचला जूनच्या मध्यावर. लग्नसराई आटोपलेली, बाहेर बेळगावचा पाऊस, आणि तीन आठवड्यांत पुठ्ठ्याला पांढरी बुरशी. शेवटी शंभरला तीन जोड्या असं म्हणत टोपली दारात मांडली.

कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. ट्रेंड खरा होता, फक्त माझ्या गिऱ्हाइकाचा आणि माझ्या महिन्याचा नव्हता.

माझं कटलरीचं दुकान आहे. म्हणजे बांगड्या, कानातली, क्लिपा, पर्स, टिकल्या, आणि अलीकडं एका भिंतीला कुर्त्या. त्या टोपलीनंतर प्रदर्शनाला जायची माझी पद्धत बदलली. ती इथं लिहिते. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडचे छोटे दुकानदार आणि घरातून कपडे-दागिने विकणाऱ्या बायका डोळ्यापुढं ठेवून.

निघायच्या आधी पंचांग उघडा

मोठ्या प्रदर्शनांत 'स्प्रिंग-समर' आणि 'ऑटम-विंटर' असे दोन हंगाम ऐकू येतात. ते युरोपचे. आपल्या दुकानाचे हंगाम वेगळे: संक्रांतीची काळी साडी आणि हलव्याचे दागिने, पाडवा, वैशाखातली शिवजयंती, लग्नं, श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा लग्नं. बेळगावात शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. त्या आठवड्यात नऊवारी, नथ आणि फेट्याला जी मागणी येते तिचा अंदाज मुंबईच्या स्टॉलवाल्याला कुठून असणार? नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीला पांढरे कपडे लागतात, आणि त्याच दिवसांत बायकांना नऊ रंगांच्या बांगड्या हव्या असतात.

सीमाभागात अजून एक घडी आहे. माझं निम्मं गिऱ्हाईक घरात कन्नड बोलतं. श्रावणात मराठी बाई मंगळागौरीची चिंचपेटी आणि ठुशी मागते, तर कन्नड बाई वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारासाठी केम्पच्या लाल-हिरव्या खड्यांचा टेम्पल सेट. एकाच महिन्यात दोन आवडी, आणि दोन्हींना एकाच गल्ल्यातून पैसे. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक सणापुढं दोन रकाने असतात.

आता उलटं मोजा. सणाच्या तीन आठवडे आधी माल मांडलेला हवा. ट्रान्सपोर्टचं पार्सल यायला आठ-दहा दिवस धरा. उत्पादकाला माल तयार करायला तीन-चार आठवडे. म्हणजे सणाच्या दोन महिने आधी ऑर्डर गेलेली असली पाहिजे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ची १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ. हा फरक अठरा दिवसांचा आहे. २०२५ च्या हिशेबानं जुलैअखेरच्या प्रदर्शनातून गणपतीचा माल मिळणं अवघड. २०२६ च्या हिशेबानं जेमतेम जमेल. शिवाय अधिक महिन्यात लग्नं नसतात, पण जावयाचं धोंड्याचं वाण असतं. दुकानदारानं हे आधी बघायचं, प्रदर्शनाचं माहितीपत्रक नंतर.

मग वहीत लिहा: गेल्या वर्षी काय संपलं, काय उरलं, आणि गिऱ्हाइकानं काय मागितलं जे आपल्याकडं नव्हतं. ही तिसरी यादी सगळ्यात महाग. माझ्याकडं ती काउंटरच्या कॅलेंडरमागं पेन्सिलीनं लिहिलेली असते.

ट्रेंड येतो कुठून

हे थोडक्यात कळलं तरी पुरे. रंगांचा विचार सगळ्यात आधी होतो, सुमारे दोन वर्षं. १९६३ पासून चालत आलेला 'इंटरकलर' हा वेगवेगळ्या देशांच्या रंगतज्ज्ञांचा गट हेच काम करतो. कापड पॅरिसच्या 'प्रीमिएर व्हिजन'सारख्या प्रदर्शनांत वर्षभर आधी मांडलं जातं. फॅशन वीक सहा महिने आधी. आपल्याकडची तयार कपड्यांची प्रदर्शनं दोन-चार महिने आधी. म्हणजे आपण नदीच्या जवळजवळ मुखाशी उभे असतो; पाणी कुठून आलं हे माहीत असलं तर अजून किती येणार याचा अंदाज लागतो.

'पँटोन' कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२४ चा 'पीच फझ', २०२५ चा 'मोका मूस'. नावांनी दबून जाऊ नका. पहिला म्हणजे आपली अबोली, दुसरा म्हणजे दूध जरा जास्त झालेली कॉफी. माझी एक कसोटी आहे: प्रदर्शनात दिसलेल्या रंगाला आपल्या घरात नाव आहे का? मोरपिशी, डाळिंबी, आमसुली, अबोली, राणी. नाव असलं की गिऱ्हाईक तो रंग मागू शकतं. नाव नसलेला रंग त्याला दाखवावा लागतो, पटवावा लागतो, आणि तो हळू खपतो. मोका मूसच्या कुर्त्या मी 'बदामी' म्हणून विकल्या.

भारतापुरता अंदाज हवा असेल तर 'व्हिजिओनेक्स्ट' बघा. निफ्टचा, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचा, हा उपक्रम सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि तो आपल्या देशातलेच कपडे, रंग, पेहराव बघून अंदाज बांधतो.

पाणी उलटंही वाहतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या 'प्राडा' कंपनीनं २०२६ च्या उन्हाळ्यासाठी ज्या चपला दाखवल्या, त्यांचा अंगठा आणि पट्टा आपण लहानपणापासून बघत आलोय. सुरुवातीला कोल्हापुरीचं नाव घेतलं नव्हतं, ओरड झाल्यावर घेतलं. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांना आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी आणि निपाणीच्या कारागिरांचा हक्क त्यात कोल्हापूरइतकाच. खणाचंही तसंच झालं. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्या आज्या चोळीला वापरत. गेल्या काही वर्षांत त्याच्या साड्या, पर्स, कानातली, जॅकेटं निघाली आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत पोचली. बेळगावच्या दुकानदाराला तो माल मुंबईहून आणायची गरज नाही. प्रदर्शनात फक्त बघायचं की खणाचं आता काय शिवतायत, आणि शिवून घ्यायचं वडगावात.

कुठल्या प्रदर्शनाला जायचं

तयार कपड्यांसाठी आपल्याला सोयीचं म्हणजे मुंबईत गोरेगावला भरणारं क्लोदिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं नॅशनल गारमेंट फेअर. सणासुदीच्या मालाचं प्रदर्शन साधारण जुलैच्या आसपास असतं. तारखा दरवर्षी हलतात, त्यामुळं गाडीचं तिकीट त्या पक्क्या झाल्यावरच काढा. दिल्लीचं 'भारत टेक्स' (२०२५ मध्ये १४ ते १७ फेब्रुवारी) सूतापासून शिवणीपर्यंत सगळं दाखवतं, पण ते निर्यातदारांच्या मापाचं आहे. ग्रेटर नोएडाच्या हस्तकला मेळ्यात फॅशन दागिने आणि पिशव्या सुंदर असतात, खरेदी मात्र मोठ्या प्रमाणावर करावी लागते. एकदा बघायला जा, दरवर्षी नको.

सोन्याच्या दागिन्यांचं 'आयआयजेएस' हे प्रदर्शन मुंबईत भरतं आणि त्याची एक आवृत्ती बंगळूरलाही होते. तिथं प्रवेशाचे नियम कडक. बेंटेक्स आणि एक ग्रॅम, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले दागिने, विकणाऱ्यांनी तिथं खरेदी करायची नसतेच, पण सोन्यात आलेलं डिझाइन काही महिन्यांत एक ग्रॅममध्ये उतरतं. ओळखीचा सराफ जाऊन आला असेल तर त्याच्याकडं चहाला बसा, त्यानं आणलेली माहितीपत्रकं चाळा. फुकटात पुढचा हंगाम दिसतो.

सराव करायचा असेल तर बेळगावातच सीपीएड मैदानावर किंवा मराठा मंदिरात भरणारी विक्री प्रदर्शनं चांगली. ती व्यापाऱ्यांची नव्हेत, गिऱ्हाइकांची. पण कुठल्या स्टॉलसमोर बायका थांबतात आणि कुठल्या समोरून नुसत्या जातात, हे संध्याकाळी तासभर उभं राहून मोजलं तर मुंबईत नजर लवकर बसते.

कागदपत्रांचं काम सोपं आहे. आगाऊ ऑनलाइन नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्राची प्रत, फोटो ओळखपत्र, आणि भरपूर व्हिजिटिंग कार्डं. कार्ड छापलेलं नसेल तर खडेबाजारात छापून घ्या. कार्ड दिल्याशिवाय कित्येक स्टॉलवाले भाव सांगत नाहीत. लहान मुलांना नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत.

पहिला दिवस फक्त पायांचा

पहिल्या दिवशी एक रुपयाही खर्च करायचा नाही. मी पाकीट जोडीदारणीकडं देते, गंमत नाही. दुकानं वेगळी पण पेठ एक अशा आम्ही दोघी जातो.

आधी कपड्यांचे हॉल, मग दागिने-पर्सचे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दागिना कपड्याच्या मागून चालतो. गळे बंद किंवा बोट नेकचे दिसले तर लांब हार मागं पडतात आणि कानातली मोठी होतात. व्ही गळा आला की पेंडंट चालतं. बाह्या मनगटापर्यंत आल्या की डझनभर बांगड्यांऐवजी एखादं कडं पुरतं. कुर्तीला खिसे आले की लहान पर्सची मागणी घटते, मोठी टोट तशीच राहते. दुपट्टा जाळीचा असेल तर आकडेवाली कानातली त्यात अडकतात, बायका ती एकदाच घालतात. कपड्यांच्या हॉलमध्ये तासभर नुसते गळे आणि बाह्या मोजल्या तर दागिन्यांची निम्मी यादी तिथंच तयार होते.

मोजायचं म्हणजे खरंच मोजायचं. वहीच्या एका पानावर रंग, कापड, आकार, पॉलिश अशी चार घरं पाडा आणि दिसेल तशा उभ्या रेघा मारत जा. एका स्टॉलवर दिसलं तर ती त्या माणसाची हौस. तीन स्टॉलवर तंतोतंत तेच दिसलं तर बहुधा एकाच कारखान्याचा साचा. राजकोट, जयपूर, कोलकाता, मुंबई अशा वेगवेगळ्या गावच्या सात-आठ स्टॉलांवर तीच कल्पना थोड्या थोड्या फरकानं दिसली, तर खाली दोनदा रेघ ओढा. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही आणि तरी सगळे तिथंच पोचले, याला ट्रेंड म्हणायचं.

स्टॉलच्या मागच्या कोपऱ्यातही बघा. 'नेट रेट'चा रॅक लागलेला असतो, तिथं मरत आलेला ट्रेंड पडलेला असतो. पुढच्या आणि मागच्या रॅकवर एकच वस्तू असेल तर सोडून द्या.

विचारायचे प्रश्न दोनच. "रिपीट कशाला आलं?" आणि "हुबळी-कोल्हापूरच्या पार्ट्यांनी काय उचललं?" 'नवीन काय आहे' असं विचारलं की स्टॉलवाला त्याला जे खपवायचंय ते दाखवतो. दुसऱ्यांदा आलेली मागणी खोटी सांगणं त्याला जरा जड जातं, आणि सांगितलीच तर ऑर्डर बुक दाखवा म्हणायचं. हसतात, पण काही जण दाखवतात.

फोटो काढण्याआधी विचारा. बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती रास्त आहे. मी स्टॉलच्या आड उभी राहून ओबडधोबड चित्र काढते; माझी चित्रं फक्त मलाच कळतात.

दुसरा दिवस हाताचा

सोबत न्यायचं: लोहचुंबक, पांढरा रुमाल, पाण्याची बाटली, टेप. कानातल्याला चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, पावसाळ्यात गंजणार. पितळेला चिकटत नाही. आकडा आणि फिरकी ओढून बघा. कानातलं तुटतं ते नेहमी जोडावर. पॉलिशची नावं नीट लिहून घ्या. मॅट, राजवाडी, मेहंदी ही तिन्ही फोटोत सारखी दिसतात आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी वेगळी. बांगड्यांचे माप-सेट विचारा: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. माझ्याकडं दोन-सहा आधी संपतं आणि शेतात काम करणाऱ्या बायकांना दोन-आठ लागतं. पण पेटीत दोन-चारच जास्त निघतात, कारण शहरातल्या मुलींचा हिशेब तसा.

कापडावर ओला पांढरा रुमाल घासा, रंग उतरला तर कळेल. रेयॉन धुतल्यावर आटतं. "वहिनी, हे आटतंय काय?" हा प्रश्न माझ्या दुकानात भावाच्या आधी येतो. म्हणून नमुना घेऊन टेपनं मापा, घरी धुवा, परत मापा, आणि मगच मोठी ऑर्डर द्या. पर्सची चेन वीस वेळा उघडा-झाका. खणाच्या पर्समध्ये अस्तराखाली पुठ्ठा आहे का, बोटानं दाबून बघा.

पुठ्ठ्याचं माझं दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच, पण त्यात जिल्ह्याचाही भाग आहे. बेळगाव जिल्हा एकच असला तरी हवा दोन. खानापूरकडं जंगल आणि धो धो पाऊस. अथणी, रायबागकडं कोरडं ऊन. चामडी चप्पल, रेशमी गोंडा, ऑक्सिडाइज्ड दागिना जुलैत अथणीत मांडता येतो, खानापुरात नाही. पश्चिमेकडं दुकान असेल तर माझ्यासारखं प्रत्येक वस्तूपुढं 'पा' लिहा, पावसात टिकेल का या अर्थानं. दुकानात प्लास्टिकच्या झाकणाचे डबे आणि सिलिका जेलच्या पुड्या हा खर्चही मालाच्या किमतीत धरा.

भाव, बिल आणि किती घ्यायचं

प्रदर्शनातला भाव स्वस्त वाटतो तेव्हा प्रवास आठवा. माझी एक फेरी, बस, लोकल, दोन रात्री, जेवण धरून सहा हजारांत होते. साठ हजारांचा माल घेतला तर प्रत्येक रुपयामागं दहा पैसे. १२० रुपयांच्या जोडीवर १२ रुपये प्रवासाचे, इमिटेशन दागिन्यांचा ३ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे, हमाली-पार्सलचे चार. ती जोडी दुकानात १४० ला पडते. जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या योजनेत, असाल तर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो किमतीतच धरा. कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. लग्नाचे घागरे घेणाऱ्यांनी ही रेघ लक्षात ठेवावी.

बिल पक्कं घ्या आणि आपला २९ नं (कर्नाटकाचा आकडा) सुरू होणारा जीएसटी नंबर त्यावर बरोबर पडलाय का बघा. मुंबईहून कर्नाटकात पाठवलेल्या मालावर आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाचा जीएसटी, लागतो. सवयीनं महाराष्ट्रातल्या विक्रीचे दोन निम्मे कर (सीजीएसटी आणि एसजीएसटी) लावून बिल दिलेलं मी परत करवलंय. ५०,००० रुपयांच्या वरच्या पार्सलला ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र, लागतं. उधारी मिळाली तरी सैल सोडू नका: उत्पादक सरकारच्या 'उद्यम' नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत.

किती घ्यायचं याचं माझं प्रमाण असं: दहा रुपयांतले सहा ओळखीच्या मालाला, तीन ओळखीच्या मालाच्या नव्या रंगा-पॉलिशला, आणि एक रुपया निव्वळ नव्या गोष्टीला. नव्या वस्तूची ऑर्डर एक डझनाच्या वर नाही. स्टॉलवाला म्हणेल सेट फुटत नाही. शेजारच्या दुकानदाराबरोबर सेट वाटून घ्या. आम्ही दोघी जातो त्याचं अर्धं कारण हेच. शेवटच्या दिवशी दुपारी नमुन्याचे नग स्वस्तात सुटतात. चाचणीपुरते ते चांगले, पण त्यांत एकाला दुसरा जोड नसतो.

ऑर्डर फॉर्मवर तारीख लिहून घ्या: अमुक तारखेनंतर माल निघाला तर घेणार नाही. हे तोंडी बोलून उपयोग नाही. गोंड्यांच्या वेळी ही एक ओळ लिहिली असती तर तो माल परत गेला असता.

घरी आल्यावर पंधरा दिवस

नवी डझन तीन ठिकाणी वाटते. चार नग माझ्या काउंटरवर, चार खानापूरच्या ओळखीच्या दुकानात, चार अथणीला आतेबहिणीकडं. व्हॉट्सॲप स्टेटसवर एकच फोटो, भाव न लिहिता. जी बाई भाव विचारते तिचं नाव वहीत. जी नुसतं छान म्हणते तिचं नाही. पंधरा दिवसांत आठ नग गेले तर रिपीट. चार ते सात गेले तर रंग बदलून अजून एक डझन. चारच्या आत असेल तर उरलेलं सवलतीत काढायचं आणि त्या पानावर फुली मारायची, प्रेमात पडायचं नाही. तीन गावांचे आकडे वेगळे आले तर तेही लिहा. केम्पचे सेट माझ्याकडं पडून राहिले तेव्हा अथणीत संपले होते.

रिपीटची ऑर्डर फोनवर देताना मात्र आधी एक नमुना मागवा आणि पहिल्या लॉटच्या नगाशेजारी ठेवून बघा. दुसऱ्या लॉटला पॉलिश पातळ येतं, हे मी तीनदा पाहिलंय.